मेंदूकडे जाणारा दुसरा रस्ता

आपल्या वर्गातून डॉक्टर झालेल्यांनी एका इंजिनिअरचं हे लिखाण सांभाळून घ्यावं.

कानापुढे बोट ठेवलं की जी नाडी लागते, ती कवटीबाहेरच्या धमनीची. कवटीला भोक पाडून ती आत न्यायची आणि मेंदूवरच्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या धमनीला शिवायची, हे गाझी याशारगिल यांनी १९६७ च्या ऑक्टोबरात झुरिकमध्ये केलं. त्याआधी ते अमेरिकेत, व्हरमाँटला डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्यांच्या रक्तवाहिन्या शिवत बसले होते. मला तर ही तालीमच मोठी वाटते.

पुढे ही बायपास जगभर होऊ लागली. १९८५ साली १,३७७ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. जोड उत्तम टिकत होते, रक्तही वाहत होतं. पण नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा पक्षाघात काही कमी झाले नव्हते. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, प्रोग्राम बिनचूक चालला, प्रश्न मात्र तिथेच! निकालावर शल्यविशारदांनी बरीच टीका केली, साहजिकच. शस्त्रक्रियांची संख्या मात्र झपाट्याने घटली.

ती पूर्ण थांबली नाही. मोयामोया या आजारात मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू बंद होत जातात. तिथे कानापुढची ही धमनी आजही आत वळवतात.