जोत्याखालचं धन

आज आपण जरा रानात जाऊ या.

पेण आणि रोह्याच्या डोंगरात लाकूडफाट्याला, करवंदांना, रानभाजीला जाणाऱ्या बायकांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. चालता चालता भर रानात एखादी सपाट जागा लागते. कडेने दगड रचलेले, मधे गवत माजलेलं. शेजारी चिंच नाहीतर आंबा, कुणीतरी हाताने लावल्यासारखा. एखादं फुटकं जातं, उखळीचा दगड, कौलांचे तुकडे. हे घराचं जोतं. कधीकाळी इथे चूल पेटत होती.

ही माणसं गेली कुठे? कारणं अनेक. रोह्याकडे अवचितगड, सुरगड, घोसाळगड. पेणकडे सांकशी, मिरगड. गड जागता ठेवायचा तर पहारेकरी लागत, पाणी वाहणारे लागत, गवत-लाकूड पुरवणारे लागत. इंग्रजी अमलात गडांचं काम संपलं आणि त्या माणसांचा पोटाचा आधारही सुटला. कुठे झरा आटला, कुठे साथ आली, कुठे दरड कोसळली. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी माणसं ओढून नेली. धरणासाठी गावं हलली. घर उठलं, पण जोतं राहिलं.

अशा जागांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. अमक्या जोत्याखाली मोहरांचा हंडा आहे, त्यावर नाग बसलाय. ह्या गोष्टी अगदीच हवेतून आलेल्या नाहीत. त्या काळी बँक नव्हती. लूटमार व्हायची, राज्यं बदलायची. चार पैसे जमले की गाडग्यात घालून चुलीजवळ, भिंतीत नाहीतर उंबऱ्याखाली पुरून ठेवायची रीत होती. पुरणारा अचानक गेला की ठावठिकाणाही त्याच्याबरोबर गेला. म्हणून कधीमधी जुन्या घराच्या पायात नाणी सापडतात, ही गोष्ट खरी.

आता ह्या जुन्या गोष्टींना नवी जोड मिळाली आहे, ती धातू शोधणाऱ्या यंत्राची, म्हणजे मेटल डिटेक्टरची. मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात, त्याचंच हे लांब दांड्याचं भावंड. मोबाइलवरून मागवलं तरी घरपोच येतं. ह्या यंत्राचा इतिहास गमतीचा आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना कुणीतरी गोळी घातली. अंगात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल असंच एक यंत्र घेऊन आले. गोळी काही सापडली नाही. खाटेतल्या लोखंडी स्प्रिंगांमुळे यंत्र फसलं, असं म्हणतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायला ते कामी आलं, आणि युद्धानंतर हौशी लोकांच्या हाती गेलं.

त्याचं काम साधं आहे. दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळते आणि भोवती चुंबकासारखा जोर तयार होतो. खाली धातू असला की त्या जोरात फरक पडतो आणि यंत्र वाजतं. पण नाण्याएवढी वस्तू फार तर वीतभर खोल असेल तरच साधं यंत्र तिची दखल घेतं. शिवाय खिळा, पत्र्याचा तुकडा, बाटलीचं झाकण, सगळ्यालाच ते वाजतं. तेव्हा दहा पुरुष खोल असलेला हंडा यंत्रावर दिसतो असं कुणी सांगितलं, तर तो माणूस तुम्हाला फसवतोय हे पक्कं समजा.

फसवणुकीवर भागलं तर एक वेळ चालेल. गुप्तधनाच्या नादाची दुसरी बाजू फार भयंकर आहे. पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाला, डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, हा समज आपल्याकडे जुना आहे. त्यापायी पायाळू मुलांना रात्री-अपरात्री नेऊन किती घाबरवलं असेल, त्याची गणती नाही. आणि १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात एकामागून एक खून झाले. त्यामागे मूल व्हावं आणि पुरलेलं धन मिळावं, ह्या दोन हावा होत्या. बळी कोण गेल्या? लहान मुली आणि बायका. धनाच्या शोधाची किंमत घरात सगळ्यांत दुबळं जे असेल त्याच्याकडून वसूल होते. म्हणून हा विषय आपल्या गटात बोलायलाच हवा.

२०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला आणि चारच दिवसांत सरकारने वटहुकूम काढला. ह्या कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

बरं, मंत्रतंत्र काही नाही, कुदळ मारताना सहजच काही सापडलं तर? त्यालाही कायदा आहे, आणि तो १८७८ सालचा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं, हे लेखी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची, नाहीतर हमी द्यायची. मग सरकार जाहीर करतं, कुणाचा दावा असेल तर पुढे या. कुणीच मालक ठरला नाही, आणि जमीनमालकाशी आधी काही वेगळं ठरलेलं नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर आतल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. म्हणजे कळवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट लपवलं तर आपला हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय जमीन खणणं हाच मुळी गुन्हा आहे. तिथे यंत्र वाजो की न वाजो.

पण कायद्याच्या भीतीपेक्षा मोठं कारण मला सांगायचं आहे. त्यासाठी दोन गोष्टी ऐका.

पहिली आहे दायमाबादची. गाव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल हे तिथे झाडाचं मूळ खणत होते. कुदळीखाली धातूची चार शिल्पं आली. बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन ६० किलोहून जास्त. इतकं देखणं काम की सगळा देश चकित झाला. पुढे संशोधकांनी तिथे बरीच वर्षं पद्धतशीर उत्खनन केलं. तरी ही शिल्पं नेमकी किती जुनी, यावर विद्वानांचं एकमत झालं नाही. कुणी म्हणतं साडेतीन हजार वर्षं, कुणी म्हणतं त्यांच्या धातूची घडण पाहता ती बरीच अलीकडची असावीत. कारण काय? ती मातीतून निघाली तेव्हा शेजारी काय होतं, कोणत्या थरात होती, हे टिपून घेणारं कुणी नव्हतं. त्यात छबू भिल्लांचा काडीचाही दोष नाही. पण धडा मोठा आहे. आपण जात्यात दळतो तेव्हा आधी घातलेलं आधी बाहेर पडतं. मातीचं उलटं असतं. जुनं खाली, नवं वर. खड्डा मारून सगळं कालवलं की वस्तू हाती येते, पण तिची हकीकत कायमची जाते.

दुसरी गोष्ट आपल्या रायगडची. गडावर वाड्यांची आणि घरांची जोती गवताखाली पडून आहेत. तिथे पुरातत्त्व खात्याने थर-थर माती काढत उत्खनन सुरू केलं. २०२१ साली त्यात सोन्याची एक बांगडी मिळाली. विचार करा, गडाच्या इतिहासात आपण तलवारी आणि तोफा ऐकतो. ही बांगडी सांगते की तिथे बाईचा हातही होता. ती जागेवर, नोंद होऊन मिळाली म्हणून तिला इतिहासात जागा मिळाली. हीच बांगडी कुणी रात्री यंत्र फिरवून उचलली असती, तर सोनाराच्या मुशीत गेली असती आणि वजनाएवढे पैसे झाले असते.

आता आपल्या दारातली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा तेव्हापासून इथल्या डोंगरात कातकरी आणि ठाकूर कुटुंबं दळीची जमीन कसत आली. नाचणी, वरी पिकवत आली. कागद मात्र फार थोड्यांच्या हाती आला. २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींना त्यावर हक्क सांगता येतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. पण ते पुरावे म्हणजे फक्त सरकारी कागद नव्हेत. घर-झोपडी, बांधबंदिस्ती, जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, जाणत्या माणसांचे लेखी जबाब, हे सगळं नियमांत पुरावा म्हणून धरलेलं आहे.

म्हणजे बघा, रानातलं ते जोतं, ती दगडी विहीर, तो शेंदूर लावलेला दगड, हे तुमच्या आजेसासूचे साक्षीदार आहेत. तिला लिहिता येत नव्हतं, पण तिने जोतं घातलं. चार खिळे आणि एक ढब्बू पैसा मिळावा म्हणून कुणी ते उकरलं, दगड विस्कटले, तर साक्षीदारच गेला. आणि हक्काचा कागद नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, हेही विसरू नका.

प्रत्येक उजाड जोतं जुनंच असतं असंही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्या ढिगाऱ्याखाली कुणाची भांडी असतील, कुणाचं मंगळसूत्र असेल. अशी जागा कुणाच्या हौसेची नसते. तिथे आपण पायातलं काढून उभं राहतो.

मग गटाने काय करायचं? चार कामं सांगते. एक, आपल्या शिवारातल्या जुन्या वस्त्यांची यादी करा. वाडीचं जुनं नाव, तिथे कोण राहायचं, केव्हा आणि का उठले, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून वहीत लिहा आणि खाली त्यांचा अंगठा घ्या. दोन, जोतं, विहीर, जातं, कोरीव दगड यांचे मोबाइलवर फोटो काढा. दगड हलवू नका, शेंदूर खरवडू नका, घरी आणू नका. तीन, ही वही ग्रामसभेत वनहक्क समितीपुढे ठेवा. त्या समितीत निदान एक तृतीयांश बायका असाव्याच लागतात. तिथे आपण बोललो नाही तर आपल्या वतीने दुसरं कुणी बोलणार नाही. चार, कुणी यंत्र घेऊन रानात फिरताना दिसला, नाहीतर गुप्तधनाच्या गोष्टी करत पोरांना बोलवू लागला, तर पोलीस पाटलांना आणि वनरक्षकाला लगेच कळवा. एकटीने अडवायला जाऊ नका.

पुढच्या महिन्यात गटाची बैठक असेल तेव्हा वाडीतल्या सगळ्यांत वयस्क बाईला मधे बसवा आणि एवढंच विचारा, आजी, तुमचं पहिलं घर कुठे होतं? ती हात करून दाखवेल त्या दिशेला आपला इतिहास आहे. वही उघडी ठेवा आणि लिहायला लागा.