तोंडाचा विमा

गेल्या पावसाळ्यात आमच्या पिरंगुटमधल्या एका मित्राला वकिलाची नोटीस आली. तो मोबाइलवर गावाच्या बातम्यांचं चॅनल चालवतो. घाटातले खड्डे, फाट्यावरची कोंडी, ग्रामसभेतली भांडणं असा सगळा माल. एका व्हिडिओत त्याने ओढ्याच्या पाण्याला आलेला रंग दाखवला आणि वरच्या अंगाच्या एका कारखान्याकडे बोट केलं. नोटिशीत पन्नास लाखांची भरपाई मागितली होती आणि फौजदारी फिर्यादीचा इशाराही होता. त्याच्या नावावर एक दुचाकी आणि दोन ट्रायपॉड आहेत.

त्याने मला विचारलं, "आपल्यासारख्यांसाठी काही विमा असतो का रे?"

आम्ही गावातल्या विमा एजंट काकांकडे गेलो. ते म्हणाले, "गाडीचा काढतो, दुकानाचा काढतो, माणसाचा काढतो. तोंडाचा विमा मी अजून विकलेला नाही."

आम्ही हसलो. पण तोंडाचा विमा खरोखर असतो. त्याला मीडिया लायबिलिटी पॉलिसी म्हणतात आणि मोठी वृत्तपत्रं, वाहिन्या, प्रकाशक तो काढतात. अब्रुनुकसानीचा दावा झाला, तर वकिलांचा खर्च आणि भरपाई ठरलेल्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी देते. सुरुवातीची ठरावीक रक्कम मात्र आपल्या खिशातून जाते. पॉलिसी काढण्याआधी आलेली नोटीस त्यात बसत नाही. म्हणजे मित्रासाठी तो रस्ता बंदच होता. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. मराठी पत्रकारितेतल्या सगळ्यात गाजलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात अशी पॉलिसी असती, तर तिने नेमकं काय दिलं असतं?

एकशे एक दिवस

जानेवारी १८८१मध्ये पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर, इंग्रजी 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. दोघेही पंचविशीच्या आत. पहिलं वर्ष संपतं न संपतं तोच कोल्हापूरचं प्रकरण हाती आलं. छत्रपती शिवाजी चौथे वयाने लहान होते आणि संस्थानचा कारभार महादेव वासुदेव बर्वे यांच्याकडे होता. महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ होतोय, अशी बोलवा होती. बर्व्यांनीच लिहिली म्हणून काही पत्रंही पुण्यात फिरू लागली. त्यांच्या भरवशावर 'केसरी' आणि 'मराठा' यांनी बर्व्यांवर झोड उठवली.

बर्व्यांनी फौजदारी फिर्याद केली. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. निकालाच्या तीनच दिवस आधी आगरकरांना सव्विसावं वर्ष पूर्ण झालं होतं. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेला. २६ ऑक्टोबरला दोघे सुटले, एकूण १०१ दिवसांनी. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं.

आता हा खटला पॉलिसीच्या कलमांपुढे ठेवून बघू.

पहिलं कलम शिक्षेचं. तुरुंगवासाचा विमा नसतो आणि गुन्ह्याबद्दल झालेला दंडही विमा कंपनी भरत नाही. १८७२चा भारतीय करार कायदा बेकायदा हेतूचा करार मानतच नाही. त्यामुळे १०१ दिवस त्या दोघांनाच काढावे लागले असते. यात आजही फरक नाही. तेव्हाच्या दंडसंहितेत बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये हा गुन्हा घटनेत बसतो असं ठरवलं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमातही दोन वर्षं कायम आहेत, फक्त समाजसेवेच्या शिक्षेची भर पडली आहे.

दुसरं कलम वकिलांच्या खर्चाचं. इथे पॉलिसी कामाला आली असती. पॉलिसीत फौजदारी खटल्याचा बचाव धरलेला असेल, तर निकालापर्यंतचा खर्च मिळू शकतो. दोषी ठरल्यावर मात्र दिलेले पैसे परत मागण्याची सोय अनेक पॉलिसींत असते. १८८२मध्ये हा भार लोकांनी वर्गणी काढून उचलला.

तिसरं कलम माफीचं. विमा कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. परस्पर माफी मागितली, तर कंपनी हात वर करू शकते. म्हणजे चूक कळल्यावर सभ्य माणूस जे आधी करेल, त्यालाच परवानगी लागते.

आणि जामीन? तो पॉलिसीतून आला नसता. दहा हजार रुपयांचा जामीन दिला रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. १८८२मध्ये दहा हजार म्हणजे केवढी रक्कम! फुल्यांचं आणि या मंडळींचं समाजाच्या प्रश्नांवर अजिबात पटत नव्हतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे या जामिनाचं वजन कळतं. कुठलाही विमा हप्ता न भरलेल्या माणसासाठी असं उभं राहत नाही.

जिंकलं तरी खर्च

त्याआधी वीस वर्षं मुंबईत गाजलेला महाराज लायबल खटला अनेकांना अलीकडच्या चित्रपटामुळे माहीत आहे. करसनदास मुळजींनी 'सत्यप्रकाश'मध्ये वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा लावला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या आजाराबद्दल साक्ष दिली. एप्रिल १८६२मध्ये करसनदास जिंकले आणि ११,५०० रुपये खर्चापोटी मंजूर झाले. त्यांचा खरा खर्च याहून जास्त झाला होता. खरं बोलून, ते कोर्टात सिद्ध करूनही पदरचे पैसे गेले.

टिळकांनी पुढे दुसरी बाजूही पाहिली. व्हॅलेंटाइन चिरोलच्या पुस्तकातल्या मजकुरावर त्यांनी लंडनमध्ये स्वतः दावा लावला आणि १९१९मध्ये ते हरले. समोरच्याचा खर्चही त्यांच्यावर पडला. हिशेब लाखांत गेला आणि पुन्हा लोकांनी वर्गणी काढली.

त्या काळी इंग्लंडमध्ये अशा भरपाईची हमी घेण्याचा करारच न्यायालयांना खटकत असे. बदनामी करायला पैसे पुरवल्यासारखं ते वाटे. १९५२च्या कायद्याने तिथे वाट मोकळी केली, पण एका अटीवर. मजकूर बदनामीकारक आहे हे छापताना माहीत असेल आणि आपल्याकडे चांगला बचाव आहे असं मानायला काही आधारही नसेल, तर हमी चालणार नाही. जगभरच्या पॉलिसींचा गाभाही असाच आहे. विमा चुकीचा असतो, जाणूनबुजून बोललेल्या खोट्याचा नसतो.

अमेरिकेतला अॅलेक्स जोन्स हे त्याचं टोकाचं उदाहरण. शाळेतल्या गोळीबारात मुलं गमावलेल्या पालकांना तो वर्षानुवर्षं नाटकी ठरवत राहिला. २०२२मध्ये त्याच्यावर जवळपास दीड अब्ज डॉलरची भरपाई बसली. त्याने दिवाळखोरीचा आसरा घेतला, पण मुद्दाम केलेल्या इजेची ही भरपाई त्यातून बव्हंशी सुटणार नाही, असं न्यायाधीशांनी २०२३मध्ये सांगितलं.

पंधरा सेकंद

चुकीचं उदाहरण मात्र आमच्या पुण्यातलंच आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी टाइम्स नाऊ वाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी देताना भलत्याच न्यायाधीशांचा फोटो दाखवला. नाव न्या. सामंता यांचं होतं आणि फोटो निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. पडद्यावर तो साधारण पंधरा सेकंद होता. सावंतांनी पुण्यात दावा लावला आणि एप्रिल २०११मध्ये जिल्हा न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली. अपील ऐकण्याआधी उच्च न्यायालयाने वीस कोटी रोख आणि ऐंशी कोटींची बँक हमी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

ही चूक कुणी जाणूनबुजून केलेली नव्हती. विमा अशाच चुकांसाठी असतो. पण शंभर कोटींच्या मर्यादेची पॉलिसी किती जणांकडे असेल? आणि वाहिनीने चूक कळल्याबरोबर ठळक माफी मागितली असती, तर गोष्ट इतकी वाढली असती का? फोटो थांबला होता, माफी मात्र लगेच आली नव्हती.

हे सगळं वाचून मी मित्राकडे गेलो. आम्ही तो व्हिडिओ वाक्यावाक्याने परत पाहिला. ओढ्याच्या पाण्याचे तारखेसह फोटो होते. तीन शेतकरी नावानिशी बोलले होते. पण मधेच एक वाक्य होतं, "मालकाने वरपर्यंत पैसे पोचवलेत." विचारलं, हे कुणी सांगितलं? तो म्हणाला, "सगळेच म्हणतात."

पुण्यातही १८८१मध्ये सगळेच म्हणत होते.

ते वाक्य त्याने काढलं, काढल्याचं चॅनलवर सांगितलं आणि त्या वाक्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. ओढ्याचं पाणी तसंच ठेवलं. उत्तर लिहून देणाऱ्या वकिलाच्या फीसाठी आम्ही कट्ट्यावर वर्गणी काढली. दोनशे, पाचशे असे पैसे जमले. काकांनी पाचशे दिले आणि म्हणाले, "याची पावती नाही मिळायची." नोटिशीचं पुढे काय होईल ते अजून ठरायचंय. ओढा रोज बघायला मात्र तो जातो, आता पाण्याचा नमुना घ्यायला बाटली घेऊन.