मुदत, दिवाणी : हक्क ठरवून घेण्याचे दावे आणि हुकूमनाम्याची दरखास्त (नांदेड व लातूर)

मालकी, वारसा, दत्तकविधान किंवा एखाद्या दस्ताचा खरेखोटेपणा न्यायालयाकडून ठरवून घेण्यासाठी, तसेच मिळालेला हुकूमनामा अमलात आणण्यासाठी कायद्याने घातलेली कालमर्यादा. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ती आता मुदत कायदा, 1963 प्रमाणे मोजतात. हक्क ठरवून घ्यायला साधारणपणे तीन वर्षे, हुकूमनामा बजावून घ्यायला बारा. पक्षकार या दोन मुदतींची गल्लत करतात आणि जमिनीचा खरा धनी न्यायालयाच्या दारातच हरतो. म्हणून ही बाब वकिलांपुरती ठेवण्यासारखी नाही.

दोन्ही जिल्ह्यांचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. न्यायालयीन कामकाज उर्दूत चाले, कागदांवर फसली सन असे आणि मुदतीसाठी संस्थानाचा फसली 1322 चा स्वतंत्र कायदा होता. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आले, तरी 1908 चा भारतीय मुदत कायदा येथे लागू झाला तो 1 एप्रिल 1951 पासून. नव्या कायद्याची मुदत जुनीपेक्षा तोकडी असेल तिथे दावेदाराला दोन वर्षांची किंवा उरलेल्या जुन्या मुदतीची, यांतली जी आधी संपेल तेवढी सवड दिली गेली. कायदा बदलताना लोकांचे हक्क एका रात्रीत बुडू नयेत, हा त्यामागचा विचार योग्यच होता. लातूर 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादेतून (आताचे धाराशिव) वेगळे झाले, त्यामुळे त्याआधीच्या दाव्यांचा माग घेताना जुन्या जिल्ह्याचे दप्तर धुंडाळावे लागते.

हक्क ठरवून मागण्याचा दावा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 34 खाली चालतो. मुदत कायद्याच्या अनुसूचीत त्यासाठी निरनिराळे अनुच्छेद आहेत. दस्त बनावट असल्याचे ठरवून घ्यायचे असेल तर तो दिल्याचे किंवा नोंदवल्याचे कळल्यापासून तीन वर्षे (अनुच्छेद 56). दत्तक अवैध ठरवायचे तर ते कळल्यापासून तीन वर्षे (57). बाकी सगळ्या प्रकारांना अनुच्छेद 58 लागतो. तिथेही वर्षे तीनच, पण ती दाव्याचा हक्क पहिल्यांदा उत्पन्न होतो त्या दिवसापासून मोजली जातात. 1908 च्या कायद्यात अशा दाव्यांना सहा वर्षे होती आणि ‘पहिल्यांदा’ ही अट नव्हती. आज हक्क एकदा स्पष्टपणे नाकारला गेला की काळ धावू लागतो. पुढे तोच नकार दहा वेळा मिळाला तरी मुदत नव्याने सुरू होत नाही.

या भागात वाद बहुधा सातबाऱ्यावरून पेटतो. नुसत्या फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही. पण फेरफाराची नोटीस मिळाली होती, तहसीलमध्ये हरकत घेतली होती, उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील केले होते, हे कागद पुढे आले की ‘वादीला तेव्हाच सगळे ठाऊक होते’ हे प्रतिवादीला दाखवता येते. महसुली अपिले लढण्यात वर्षे घालवून मग दिवाणी न्यायालयात येणाऱ्याला हा फटका बसतो. दुसरी अडचण कब्जाची. जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असताना नुसती मालकी ठरवून मागितली तर कलम 34 च्या परंतुकाने दावा अडतो, ताबाही मागावाच लागतो. मालकीच्या आधारे ताबा मागण्याला बारा वर्षे आहेत (अनुच्छेद 65), आणि ती उलटली तर कलम 27 प्रमाणे मालकीच संपते. वारस अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात.

दावा जिंकल्यावर दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज. नुसता हक्क ठरवणारा हुकूमनामा बजावण्याचा प्रश्न नसतो, त्याची नक्कल घेऊन फेरफारासाठी तलाठ्याकडे जावे लागते. ताबा किंवा पैसे द्यायला लावणारा हुकूमनामा अमलात येण्याजोगा झाल्यापासून बारा वर्षांत दरखास्त द्यावी लागते (अनुच्छेद 136). अपिलात गुणदोषांवर निकाल झाला असेल तर काळ अपिलाच्या हुकूमनाम्यापासून मोजतात, आणि स्थगितीचे दिवस वगळतात. निरंतर मनाईच्या हुकूमनाम्याला मुदतच नाही. उलट मोडलेला बांध पूर्ववत करा, अतिक्रमण काढा अशा आज्ञार्थक हुकूमनाम्याला तीनच वर्षे आहेत (135), आणि घात होतो तो इथे. उशीर माफ करण्याची कलम 5 मधील सवलत दरखास्तीला मिळत नाही. हुकूमनाम्याला दोन वर्षे होऊन गेली असतील तर आधी नोटीस काढावी लागते. मुदतीत दिलेली दरखास्त पुढे कितीही वर्षे पडून राहिली तरी ती मुदतबाह्य होत नाही.

1894 च्या, 2014 पासून रद्द झालेल्या, कायद्याखालील भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा न्यायालयीन निवाडाही हुकूमनामाच समजला जातो. शासनाने तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत की दरखास्त चालते, आणि सरकारी वाहनांवर, खुर्च्यांवर जप्तीचे वॉरंट घेऊन बेलिफ जातो. ज्याची जमीन गेली त्याला स्वतःच्या पैशासाठी हा मार्ग धरावा लागणे लाजिरवाणे आहे.

वाटपाचा हुकूमनामा वेगळा. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर अंतिम हुकूमनाम्यासाठी करायच्या अर्जाला मुदत नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले, कारण तोवर दावा चालूच असतो. शेतसारा लागणाऱ्या जमिनीची सरसनिरस वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या हाताखालचे अधिकारी करतात. त्यासाठी मोजणी लागते, मोजणीसाठी फी आणि तारीख, आणि दरम्यान एखादा सहहिस्सेदार वारला की वारसांना नोटिसा. बहिणींना निकालात मिळालेला हिस्सा अनेकदा याच टप्प्यावर अडतो.

कोविडकाळात 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला, त्यामुळे त्या वर्षांतली मुदत मोजताना तो वजा करावा लागतो. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे याच न्यायालयाने 2021 मध्ये आणि पुन्हा मार्च 2025 मध्ये बजावले. त्यानंतर मागवलेल्या माहितीत देशभर 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित आढळल्या.