अर्जाचा मायना

ओव्यात माझ्याकडे शिकलेला एक मुलगा परवा मोबाईल घेऊन आला. दाखल्यावर त्याचे नाव चुकले होते आणि कार्यालयाने ई-मेल करायला सांगितले होते. विषयाची जागा कोरी सोडून त्याने एवढेच लिहिले होते, "नाव चुकले आहे, लवकर बदला." वर संबोधन नाही, खाली सही नाही. मी रागावलो तर म्हणाला, "सर, आपण उर्दूवाले. सरकारी मराठी आपल्याला कुठे येते?"

हे मला लागले. अर्ज, मजकूर, दाखला, तारीख, दुरुस्ती हे त्या ई-मेलला लागणारे सारे शब्द त्याच्या उर्दूतही होतेच.

मराठी पत्रव्यवहार फारसी दफ्तराच्या शेजारी वाढला. समोरच्याचा दर्जा पाहून पत्राच्या आरंभी जे लिहायचे त्याला मराठीत मायना म्हणतात. तो अरबीतला 'मआनी'. उर्दूत आपण त्यालाच अल्काब-ओ-आदाब म्हणतो. पेशवेकालीन पत्रांत तारखेच्या जागी पुष्कळदा 'छ' दिसतो. छ म्हणजे चंद्र. त्यापुढे रबिलाखर, जमादिलावल, जिल्हेज असे महिने. शुहूर सनाचे आकडेही अरबी : सलास, अर्बा, खमस. पुण्याचा कारकून आपल्या चांद्र महिन्यांनी तारीख घालीत होता, हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

मला सर्वांत आवडतो तो मसुदा. मूळ मुसव्वदा, म्हणजे काळा केलेला कागद. खाडाखोड करून कागद काळा व्हायचा, मग स्वच्छ प्रत उतरवायची; तिला मुबय्यजा, पांढरी केलेली, म्हणत. न पाठवलेल्या ई-मेलच्या कप्प्याला मराठीत आजही 'मसुदे' म्हणतात. आमची मुले कागद काळा न करताच पाठवून मोकळी होतात!

हे शब्द काढण्याचेही प्रयत्न झाले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सतराव्या शतकात रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला. विसाव्या शतकात भाषाशुद्धीच्या चळवळीने तारखेच्या जागी दिनांक आणला. राज्य ज्या लोकांचे, त्यांच्या भाषेत दफ्तर असावे ही अपेक्षा रास्तच होती. (रास्त हा शब्दही फारसीच.) दिनांक रुजला, अर्ज मात्र हलला नाही.

सप्टेंबर 1973 मध्ये संगणकावरील टपालाला शिस्त लावण्यासाठी चौघांनी एक टिपण लिहिले : डोक्यावर पाठवणारा, विषय आणि तारीख असावी. त्या चौघांत कानपूरच्या आय.आय.टी.तून अमेरिकेत गेलेले अभय भूषण होते. अर्ज लिहिणाऱ्याला यात नवे काय?

कोणी म्हणेल, गालिबने तर अल्काब झुगारून दिले. खरे आहे, 'ऊदे हिंदी'तली (1868) पत्रे वाचताना समोर बसून बोलल्यासारखे वाटते. पण ती दोस्तांना आणि शागिर्दांना होती. पेन्शनसाठी 1828 मध्ये कलकत्त्यात इंग्रज सरकारपुढे गेले तेव्हा गालिबनेही रीतसर फारसी अर्जच दिला होता.

मग आम्ही दोघे बसलो. विषय : दाखल्यातील नावात दुरुस्ती होणेबाबत. महोदय. पहिल्या ओळीत तो कोण, कोणत्या वर्षी शाळा सोडली, रजिस्टर नंबर काय. मग चुकीचे नाव, बरोबर नाव, सोबत कोणते कागद जोडले आणि नेमकी विनंती. 'लवकर' काढला. खाली आपला विश्वासू, पूर्ण नाव, फोन नंबर. तीनदा कागद काळा केला, मग पाठवला.

दुसऱ्या दिवशी सांगत आला, "सर, अब्बांना वाचून दाखवला. सगळे समजले. फक्त हे महोदय कोण, ते विचारत होते."