पेनड्राइव्ह, मर्यादित खातं आणि आपला मराठी फॉन्ट

यवतमाळ, पुसद, वणीच्या नेट कॅफेत आपण सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट आज इतिहास म्हणून पाहू. पेनड्राइव्ह बाजारात आला २००० साली, जेमतेम ८ एमबीचा. विंडोज ९८ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागायचा. विंडोज २००० आणि एक्सपीत तो आधीपासूनच होता. म्हणजे एक्सपीच्या मर्यादित खात्यातही साधा पेनड्राइव्ह उघडायचा.

मग अडायचं कुठे? मराठीवर! अर्ज कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की अक्षरांचा नुसता गोंधळ, आणि फॉन्ट टाकायचा हक्क फक्त ॲडमिनला. दर वेळी कोण उठून पासवर्ड टाकणार? एक्सपीत पहिलं खातं ॲडमिनचंच असायचं. तेच सगळ्यांना खुलं ठेवणं सोपं.

पण ॲडमिन खात्यात व्हायरसलाही मोकळं रान. पेनड्राइव्हवरच्या ऑटोरन फाइलमधून तो आत शिरायचा. २००८च्या अखेरीस आलेला कॉन्फिकर पुढे याही वाटेने जगभर पसरला. एकाचा बायोडेटा आणणारा पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या घरी रोग न्यायचा.

२०११मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं. युनिकोड रुळलं, तशी फॉन्टची अडचण कमी झाली. ॲडमिनशिवाय फॉन्ट टाकायची सोय विंडोजमध्ये आली ती थेट २०१८ला!

म्हणून वाचनालय असो की सेवा केंद्र, खातं मर्यादितच ठेवू. पण लोकांना लागणारे फॉन्ट त्यात आधीच घालून ठेवू. काम अडलं नाही, तर कुलूप कोणी काढायला सांगत नाही.