जुनी मराठी फाईल आज वाचता का येत नाही?

मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावात १९८०च्या दशकात कारकुनाच्या नोकरीची तयारी म्हणजे टायपिंग इन्स्टिट्यूट. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द. त्याच पिढीतली माणसे आज मोबाईलवर बोलून मराठी लिहितात. या दोन टोकांच्या मधल्या काळात टाइप झालेला बराच मराठी मजकूर मात्र अडकून पडला आहे.

टाइपरायटर
कळ दाबली की अक्षर थेट कागदावर उमटे. कागद टिकला तर मजकूर टिकला.

फॉन्टचा काळ
१९९०च्या दशकात डीटीपी सेंटर आली. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप होऊ लागले. पण संगणक साठवत होता इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक; फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांची चित्रे चढवत असे. कृतिदेवमधला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच एवढाच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर हीच इंग्रजी अक्षरे दिसतात. अशा फाईलमध्ये आजच्या कीबोर्डने ‘मूर्तिजापूर’ टाइप करून शोधले, तर गावाचे नाव समोर असूनही सापडत नाही.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे सरकारी मानक १९९१ मध्ये आले होते. पण बाजारातल्या फॉन्टनी आपापली मांडणी ठेवली.

युनिकोडने काय बदलले?
१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. ‘म’चा क्रमांक २३५०, फॉन्ट कोणताही असो. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय मिळू लागली. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला मात्र स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली.

जुनी फाईल कशी वाचवावी?
- मूळ फाईल तशीच ठेवून प्रतीवर काम करावे.
- फॉन्टचे नाव शोधावे. ठाऊक नसेल तर एका ओळीला दोन-तीन जुने फॉन्ट लावून पाहावेत.
- त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा.
- ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे तपासावीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. चुका तिथेच होतात. माणसांची व गावांची नावे छापील प्रतीशी ताडून पाहावीत.

पीडीएफ नीट दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. तिच्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करावी. मराठीच उमटली तर मजकूर बहुधा युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरे उमटली तर तो जुन्या फॉन्टमधलाच. ज्यांनी तो टाइप केला, त्यांना फॉन्टचे नाव आठवते तोवरच हे काम सोपे आहे.