चोडण बेट

गोवा राज्याच्या तिसवाडी तालुक्यातील, मांडवी नदीच्या मुखाजवळचे बेट. दक्षिणेस नदीपलीकडे रायबंदर, पूर्वेकडे दिवाडी बेट, उत्तरेस डिचोली तालुक्यातील मये; पश्चिमेस म्हापसा नदी मांडवीला मिळते. पणजी येथून सुमारे पाच किमी. बेटाच्या पश्चिम टोकावरील खारफुटीचा पट्टा १९८८ पासून ‘डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य’ म्हणून संरक्षित आहे. त्याचे क्षेत्र जेमतेम १.७८ चौ. किमी. मांडवीच्याच उगमाकडे, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्य आहे. ते याच्या शंभर पटींहून मोठे. तिथे नदीला म्हादई म्हणतात.

१५१० मध्ये तिसवाडीबरोबर हे बेटही पोर्तुगीजांकडे गेले. पुढे १५४०च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा चोडणचा देवकीकृष्ण आधी मयेस व नंतर माशेलला नेण्यात आला. माशेल त्या काळी पोर्तुगीज हद्दीबाहेर होते. माशेलच्या देवळात आजही देवकी बाळकृष्णाला घेऊन उभी आहे आणि आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मैदानात चिखलकाला होतो. चोडणचा इतिहास पाहायला निघालेल्याने माशेल वगळले, तर अर्धी गोष्ट राहून जाते.

बेटावर जेझुइटांचे विद्यालय होते, पोर्तुगीज सरदारांचे वाडे होते. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. रोगराईनेही वस्ती विरळ केली. सेंट बार्थोलोम्यू आणि अवर लेडी ऑफ ग्रेस ही चर्चे या जुन्या काळाची साक्ष देतात. मराठी वाचकाला शेजारचे जुवे बेट अधिक ओळखीचे असेल: १६८३च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने तिथला किल्ला घेतला होता. डिचोलीच्या काठावरील नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. चोडणच्या फेरीत तेही सहज होते.

बेटाचा खरा कणा म्हणजे खाजन शेती. भरतीच्या पातळीखाली येणारी जमीन माती, जांभा दगड आणि पेंढा यांच्या बांधांनी नदीपासून तोडायची आणि बांधात ‘मानस’ बसवायची, अशी ही पद्धत आहे. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. ओहोटीला आतले पाणी त्याला बाहेर ढकलते, भरतीला बाहेरचे पाणी ते घट्ट लावून टाकते. माणसाला हात लावावा लागत नाही. पावसाळ्यात नदी जवळजवळ गोडी होते, शेतातला क्षार धुऊन निघतो आणि मग खारपड सोसणारे कोरगुट भात घेतले जाते. कापणीनंतर त्याच शेतात खारे पाणी घेऊन कोळंबी व मासे धरतात. बांध सांभाळणे हे पूर्वी गावकारीचे, म्हणजे गावाच्या पारंपरिक संस्थेचे, सामाईक काम होते. बांध फुटला आणि वेळीच बुजवला नाही, तर दोन-चार वर्षांत तिथे खारफुटी उगवते. ती तोडायला कायद्याने मनाई आहे. पक्षीप्रेमी ज्याला वाढते जंगल म्हणतो, ते शेतकऱ्याच्या लेखी बुडालेले शेत असू शकते. चोडणच्या हिरवाईचे वर्णन ‘माणसाचा हात न लागलेली’ असे करण्याचा मोह टाळावा, तो यासाठी.

अभयारण्यात कांदळ, तिवर, चिपी, मारांडी अशा खारफुटीच्या जाती आहेत. बगळे, ढोकरी, पाणकावळे, ब्राह्मणी घारी आणि खंड्याच्या अनेक जाती दिसतात. काळ्या डोक्याचा, जांभळ्या-निळ्या पाठीचा खंड्या पाहण्यासाठी लोक मुद्दाम येतात. हिवाळ्यात चिखलावर तुतारी, टिलवा, कुदळ्या असे स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. पण महिन्यापेक्षा भरती-ओहोटीची वेळ पाहून जाणे अधिक शहाणपणाचे. भरतीला होडी आतल्या ओहोळांत शिरू शकते, तर ओहोटीला चिखल उघडा पडून निवट्या आणि एका नांगीने खुणावणारे लहान खेकडे दिसतात. त्यांच्या मागोमाग पक्षीही येतात. दोन्ही पाहायचे तर अर्धा दिवस हाताशी हवा. मोठ्या पक्ष्यांच्या अपेक्षेने भर दुपारी येणारे बहुधा निराश होऊन परततात.

रायबंदरहून फेरीबोटीने बेटावर उतरल्यावर अभयारण्याचे फाटक धक्क्याजवळच लागते. पोंबुर्फ्याहूनही फेरीबोट आहे. निपाणीकडून येणाऱ्यांना आजरा-आंबोली-सावंतवाडी हा मार्ग सोयीचा. बेळगावहून मात्र फेरीबोटीची गरज नाही: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी, डिचोली आणि मये असे थेट रस्त्याने येता येते. वाटेवरचे कणकुंबी या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मलप्रभा तिथे उगम पावते आणि म्हादईला जाणारा कळसा नालाही तिथलाच. कळसा व भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे. या वादासाठी नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (त्यातले ८.०२ वीजनिर्मितीसाठी), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. मलप्रभेत वळवायचे पाणी ३.९ टीएमसी. मलप्रभेच्या खोऱ्यातील गावांना आणि हुबळी-धारवाडला पिण्यासाठी ते हवे आहे, आणि ही गरज खोटी नाही. गोव्याची भीती कोरड्या महिन्यांविषयी आहे. तेव्हा वरून येणारे गोडे पाणी आधीच आटलेले असते आणि भरतीचे खारे पाणी चोडण ओलांडून पार नदीच्या वरच्या अंगाच्या गांज्यापर्यंत चढते.